दोन वेळचं पाणी

ऊन डोक्यावर आलं की परसातली वांगी मान टाकायची. रोज, न चुकता. सकाळी बघावं तर पानं ताठ, देठ सरळ, जशी शाळेला निघालेली धुतल्या कपड्यांतली पोरं. आणि दुपार झाली की तीच पानं ओल्या फडक्यासारखी लोंबायची. बटणबाई मागच्या दाराच्या चौकटीला खांदा टेकून ते बघत उभी राहायची आणि तिचा जीव कासावीस व्हायचा.

"आता काय कमी पडलं तुम्हाला?" ती वांग्यांना विचारायची. "सावली केली, पाला अंथरला, संध्याकाळी झारीवर झारी रिकामी करते. आता काय शेजारी बसून वारा घालू?"

वांगी काही बोलायची नाहीत. टोमॅटो तर त्यांच्याहून मख्ख. त्यांना फुलं यायची, पिवळीधमक, नाजूक, बघून जीव हरखावा अशी. आणि फळ धरायच्या आधीच देठातून सुटून खाली पडायची. बाई ती फुलं वेचायची. वेचून काय करायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं, पण पडलेली तशीच ठेवणं तिच्या हाताला जमत नव्हतं. दोडक्याचा वेल तारेवर अर्धा चढला आणि थांबला, जिन्यात दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा. मिरचीची पानं चुरमडली. काकडीला बोटाएवढं एकच फळ धरलं होतं, तेही टोकाकडून पिवळं पडत पडत एके सकाळी मातीत सापडलं. भेंडी तेवढी उभी होती. वाढत नव्हती, मरत नव्हती. रुसून बसलेल्या माणसासारखी एका जागी अडून राहिली होती.

बटणबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात तिने उभी हयात बटणं तपासण्यात घालवली. शर्ट समोरून सरकत यायचे आणि ही एकेक बटण चिमटीत धरून हलकेच ओढायची. पक्कं असलं तर पुढे, ढिलं असलं तर बाजूला. त्या लांबलचक खोलीला एकच खिडकी, तीही उंचावर. तिच्यातून कुणाच्या तरी गच्चीवरच्या वेलाचं टोक दिसायचं, वाऱ्याने हलणारं. शर्टामागून शर्ट जायचे आणि बाई मनाशी म्हणायची, एकदा हे संपू दे. मग माझ्या परसात माझा वेल, माझ्या वेलाचं फळ आणि माझ्याच चुलीवर त्याची भाजी. याहून मोठी मागणी तिने आयुष्याकडे केली नव्हती, आणि हीसुद्धा मनातल्या मनातच केली होती.

मनातल्या मनात बोलायची सवय त्या घरालाच होती.

त्याचं असं झालं. नवरा वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीनवर. गल्लीतली पोरं त्याला मशीनकाका म्हणायची. त्याची रात्रपाळी, हिची दिवसपाळी. तो आला की ती निघायची, ती आली की तो निघायचा. दारातच भेट आणि दारातच निरोप. त्याच्या बोटांना शाईचा वास, हिच्या केसांत सुताचे तंतू. लग्न झाल्यापासून हेच. घरात एक जण कायम झोपलेला असायचा, म्हणून दुसरा कायम पाय न वाजवता चालायचा. भांडी वाजवायची नाहीत, दार आपटायचं नाही, हाक मारायची नाही. लेक लहानपणापासून इतकी हळू बोलायला शिकली, की शाळेत बाई म्हणायच्या, या मुलीला आवाज आहे की नाही?

आणि कामांचं काय? ज्याला जे दिसेल ते त्याने करून टाकायचं. पिंप रिकामं दिसलं, भरलं. दोरीवरचे कपडे वाळलेले दिसले, घड्या घातल्या. लेकीची वेणी सुटलेली दिसली, घातली. केलं म्हणून सांगत बसायची पद्धत नव्हती. सांगणार कुणाला? ज्याला सांगायचं तो घोरत असायचा. बाई कारखान्यातून यावी आणि कधीपासून ठिबकणारा नळ थांबलेला असावा. नवरा उठावा आणि त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण शिवलेलं असावं. असा तो अबोल संसार, घड्याळाच्या दोन काट्यांसारखा, एकमेकांवरून जाणारा आणि न अडकणारा. लोक म्हणायचे, यांच्यात कधी भांडण नाही हो. भांडायला दोघं एका वेळी जागे तर हवेत!

मग दोघंही निवृत्त झाले, एकाच वर्षात, आणि पंचाईत झाली. समोरासमोर बसलं की दोघांनाही परक्याच्या घरी आल्यासारखं व्हायचं. काय बोलावं सुचेना. नवऱ्याचं अंग अजून रात्रपाळीतच होतं. तो पहाटेच उठून बसायचा, दुपारभर तोंडावर पेपर घेऊन झोपायचा आणि संध्याकाळी, जुन्या वेळेला, छापखान्याच्या फाटकाशी जायचा. तिथे चहाच्या टपरीवर त्याच्यासारखेच चारदोन जण जमायचे, आत चाललेल्या मशीनचा आवाज ऐकत आणि तो बरोबर नाही म्हणून माना हलवत.

बाईने परस खणलं ते या दिवसांत. एकटीने. बिया टाकल्या, रोपं लावली. आणि बाईच्या मनात पहिली गाठ पडली ती तिथेच. हा माणूस परसाकडे फिरकत नाही. पेपरातला शब्द न् शब्द वाचतो, रद्दीसुद्धा वाचतो, पण रोपाकडे म्हणून बघत नाही. संध्याकाळी तो टपरीवर गेला की ती झारी उचलायची, पिंपातून भरायची, वाफ्यावर ओतायची, पुन्हा भरायची. कमरेत कळ यायची. एका झारीला ती नवऱ्याला मनात एक बोल लावायची, आणि झाऱ्या तर पुष्कळ होत्या.

वर ज्याला त्याला सल्ला द्यायचाच होता. भिंतीपलीकडची शेजारीण विटांवर चढून डोकं वर काढायची. "बटणबाई, पानं बघा कशी झालीत! पाणी कमी पडतंय हो. या उन्हात मणभर पाणी लागतं."

"घालते ना मी. रोज घालते."

"मग अजून घाला."

भाजीवाला गाडी घेऊन यायचा तो तर मुद्दाम तिच्या दाराशी थांबायचा. "काय मावशी, आज तुमच्या मळ्यातून माल आला नाही वाटतं? मग माझीच वांगी घ्या. तुमच्यासाठी ताजी आणलीत, तुमच्याच वांग्यांची मावसभावंडं."

"जळलं तुझं तोंड," बाई म्हणायची आणि मुकाट्याने वांगी निवडायला बसायची. चिमटीत धरून हलकेच देठ ओढायची, जुन्या सवयीने. भाजीवाला हसायचा, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिने काय केलं नाही? जुन्या चादरी बांबूंना बांधून सावली केली; वाऱ्याने त्या रात्रभर फडफडल्या आणि सकाळी मिरचीच्या अंगावर पडलेल्या मिळाल्या. ओल टिकावी म्हणून पाला आणला आणि वाफ्यांवर हातभर जाड अंथरला. वरचा पाला उन्हाने कडकडीत व्हायचा, पापडासारखा मोडायचा. एकदा तिने दुपारी तो बाजूला सारून बोट घातलं. माती गार लागली, ओली लागली. कालचं पाणी अजून टिकलंय! तिला केवढं बरं वाटलं. पाल्याने काम केलं म्हणायचं. मग तरी वांगी माना का टाकतात? ऊन फार म्हणून. म्हणजे पाणी आणखी हवं. असा तिचा हिशेब फिरून फिरून झारीवर यायचा. वाकता वाकता ती स्वतःशीच गुणगुणायची, कारखान्यात मशीनच्या आवाजात गुणगुणायची तशी, कुणी न शिकवलेलं:

*वांग्या रे वांग्या, तुझी मान का कलली,*
*माझ्या हातची ग झारी, तुला कशी ना पुरली?*

एका दुपारी तिला राहवलं नाही. संध्याकाळची वाट न बघता ती भर उन्हात झारी घेऊन गेली. दुसरी झारी भरताना पिंप गोल फिरलं, मग भिंत फिरली, मग आभाळ. शेजारणीनेच विटांवरून पाहिलं आणि ओरडली. नवरा तोंडावरचा पेपर टाकून धावत आला, तिला उचलून सावलीत नेलं, डोक्यावर पाणी थापटलं.

लेकीला शेजारणीने फोन केला. लेक मोठ्या दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर बसायची. कुठली गोळी किती, जेवणाआधी की नंतर, हे दिवसभर लोकांना सांगून सांगून तिला आता चांगला आवाज फुटला होता. या घरात आली की मात्र तो पुन्हा आत जायचा. त्या दिवशी ती कुजबुजतच रागावली.

"आई, हे काय वय आहे? उन्हात? भाजी काय मिळत नाही बाजारात?"

"मिळते."

"मग?"

बाईला सांगता येईना. खूप काही होतं, पण त्याचा धागा कुठून ओढायचा ते कळेना. लेक म्हणाली, "मी फरशी घालून घेते. सगळ्या परसाला. दोन खुर्च्या टाका, संध्याकाळी गार हवेत बसा. ना माती, ना चिखल, ना चक्कर."

"फरशी?"

"हो."

"सगळ्याला?"

"अर्धीमुर्धी कशाला?"

बाई एवढंच म्हणाली, "हा उन्हाळा बघू."

लेकीने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थोडी नरमली. "बरं. हा उन्हाळा. एक तरी भाजी या परसातून घरात आली तर मी तोंड उघडणार नाही. नाही आली तर गवंडी घेऊन येते. ठरलं?"

"ठरलं," बाई म्हणाली. कोपऱ्यात नवरा पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं. बाईला वाटलं, याला काय त्याचं! फरशी झाली तर खुर्ची टाकायला जागाच होईल.

त्यानंतर तिने जिवाचं रान केलं. संध्याकाळच्या झाऱ्या वाढल्या. खताची पिशवी आणून मूठ मूठ आळ्यात टाकलं. तरी काकडीचा वेलही गेला. दोडक्याची खालची पानं पिवळी पडली. एक टोमॅटो बुंध्याशी काळा पडून आडवा झाला, कुणी पाय मारल्यासारखा. बाई रोज भेंडीची पानं वर करून बघायची, कुठे कळी दिसते का. दिसायची नाही. इतकं करून हाती काही नाही, आणि कुणावर रागवावं तर रागवायला कुणी नाही. माती ऐकत नाही, ऊन ऐकत नाही, आणि ज्याने ऐकायचं तो पेपरखाली घोरतो. चिडून चिडून तिची झोप हलकी झाली होती, तरी पहाटेला डोळा लागायचाच. कारखान्याने घालून दिलेली घडी ती.

अखेर लेक आली, सुट्टीच्या दिवशी सकाळी, गवंड्याला घेऊन. गवंडी उंच, वाळका, खांद्यावर पहार आणि कानावर पेन्सिल. आल्या आल्या त्याने परसाच्या दोन टोकांना दोरी धरली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. बाई चौकटीपाशी उभी होती. नवराही आज पेपर सोडून आला होता. चष्मा लावून पायरीवर येऊन बसला होता.

"आई, एखादी तरी?" लेकीने हळूच विचारलं.

"नाही," बाई म्हणाली.

"चला तर," गवंडी म्हणाला. "खालची जमीन बघून घेतो. कडक असली तर काम लवकर होईल. हे दिवस चांगले, जमीन दगडासारखी असते." त्याने वाफ्याच्या कडेचा पाला पायाने सारला, पहार दोन्ही हातांनी उचलली आणि जोर लावून खाली मारली.

ठण्ण आवाज यायला हवा होता. आला तो थप्प. पहार अर्धी आत गेली आणि गवंडी तिच्यामागोमाग पुढे झुकला. पडता पडता वाचला. त्याने ती उपसली तर पचकन काळा चिखल वर आला, आणि त्याच्याबरोबर वास, तुंबलेल्या मोरीसारखा. पहारीने पाडलेल्या भोकात बघता बघता पाणी साचलं.

गवंड्याने चिखलाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. "ताई, ही बाग आहे की तळं? सगळ्या गावाची जमीन भेगाळली आहे आणि इथे म्हशी बसतील. पाणी कोण घालतं इतकं?"

"मी," बटणबाई म्हणाली.

"मी," पायरीवरून आवाज आला.

दोघं एकाच दमात बोलली होती. बाईने मान वळवली.

"तुम्ही?"

"हो, मी. मग कोण?"

"तुम्ही कधी घातलंत पाणी?"

"रोज. पहाटे. नळ आला की आधी पिंप भरतो, मग तीच नळी पाल्याखाली सोडून देतो. चांगलं भिजेपर्यंत."

"रोज?"

"मग काय! तू घालत नव्हतीस म्हणून."

"मी घालत नव्हते?" बाईचा आवाज असा चढला की तिची तीच दचकली. "मी घालत नव्हते? कंबर मोडली माझी झाऱ्या उचलून! रोज संध्याकाळी! पिंप कोण रिकामं करतं मग, भुतं?"

"मला वाटलं धुण्याभांड्याला जातं."

"एवढं धुणं? दोन माणसांचं?"

"झारी तुझ्या हातात पाहिली ती चक्कर आली त्या दिवशीच. संध्याकाळी मी घरी असतो का बघायला?"

"आणि पहाटे मी जागी असते का?"

"तू दुपारी नुसती उभी राहून बघायचीस त्यांच्याकडे. मला वाटलं, हिला हौस आहे, पण पाणी घालायचा कंटाळा. म्हणून मी आपलं..."

"कंटाळा! ऐकलंस गं?" ती लेकीकडे वळली. "मला कंटाळा! आणि खत, ते पण तुम्हीच का?"

तो चष्मा काढून पुसू लागला.

"अहो, खत?"

"थोडंसं. छापखान्यातला एक जण म्हणाला, पिवळी पडली की खत कमी."

"मीही टाकलं ना! मुठी मुठी टाकलं!" बाईने कपाळावर हात मारला. "मारलीत. आपण दोघांनी मिळून मारली ती पोरं. उपाशी नाही हो, खाऊ घालून घालून मारली."

"सांगायला काय झालं होतं तुला?"

"तुम्ही सांगितलंत?"

"आपल्याकडे सांगायची पद्धत आहे का?"

"मग पाडायची होती!"

"तू का नाही पाडलीस?"

"आई, हळू," लेक सवयीने कुजबुजली. "बाबा, हळू बोला ना..." आणि मग ती मध्येच थांबली. या घरात आई-बाबांचा चढलेला आवाज ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. भिंतीपलीकडे विटा वाजल्या, शेजारणीचं डोकं वर आलं. "काय झालं हो?"

"काही नाही," लेक म्हणाली.

"चालू द्या, चालू द्या," शेजारीण म्हणाली आणि हनुवटी भिंतीवर टेकून बसली.

गवंड्याने पहार पाल्यावर पुसली. "ताई, माझं ऐका. यावर आज फरशी टाकली तर पुढल्या वर्षी होडीसारखी डुलेल. हे आधी वाळायला हवं."

"किती दिवस?"

"ते माझ्या हातात नाही. या दोघांनी हात आवरला तर लवकर. नाहीतर माझा नातू येईल फरशी घालायला."

लेकीने ओढणीने घाम पुसला आणि आईबापांकडे आळीपाळीने पाहिलं. "आमच्या दवाखान्यात असं झालं असतं ना, एकच औषध एका पाळीने दिलं आणि न विचारता दुसऱ्या पाळीनेही दिलं, तर रोगी दगावला असता. आम्ही लिहून ठेवतो. नाहीतर निदान विचारतो तरी. तुम्ही दोघं एका घरात राहता!" तिने श्वास सोडला. "ठीक आहे. वाळू दे. वाळलं की काम सुरू करा, काका."

"नको," बटणबाई म्हणाली.

"काय नको?"

"फरशी."

"आई, काय ठरलं होतं? एक तरी भाजी."

"आली नाही. मी कुठे आली म्हणते? हरले मी." बाईच्या हातांना चिखल लागला होता, ती कधी वाकली आणि कधी भोकापाशी बसली तिलाच कळलं नव्हतं. "ठरलं ते ठरलं. तू बरोबर आहेस. तरी पण फरशी नको. मला..." शब्द येईना. इतकी वर्षं न वापरल्याने त्याला गंज चढला होता. तिने तो चिमटीत धरून ओढावा तसा ओढून काढला. "मला हवी आहे ही बाग. तुला नको असली तरी. यांना नको असली तरी. पुढल्या वर्षीसुद्धा काही आलं नाही तरी मला हवी आहे."

गवंडी कानावरची पेन्सिल काढून उगाच बघू लागला.

"हे तू मला त्या दिवशी का नाही सांगितलंस?" लेकीच्या आवाजात चीड होती, आणि ती खरी होती. "मी काय शत्रू आहे? मी तुला खुर्च्या देत होते, आणि तू मुकाट्याने ठरलं म्हणालीस! मी गवंडी शोधला, फरशी बघितली, सुट्टी घेतली. आणि पुन्हा चक्कर आली म्हणजे?"

"मी बघेन," नवरा म्हणाला.

"तुम्ही दुपारी झोपता, बाबा."

"उठवेल ती मला."

"मी उठवू?" बाई म्हणाली. तिला ते इतकं अवघड वाटलं, जणू कुणी तिला भिंत उचलायला सांगितली. त्या घरात आजवर कुणी कुणाला झोपेतून उठवलेलं नव्हतं.

लेक दोघांकडे बघत राहिली. मग तरातरा गेली, झारी उचलली, नळापासून नळी सोडवली, गुंडाळून खांद्यावर टाकली.

"हे मी घेऊन चालले. हे परत मिळणार नाही, जोवर तुम्ही दोघं मिळून मला फोन करून सांगत नाही की माती सुकली. दोघं मिळून. एकाचं मी ऐकणार नाही." गवंड्याला म्हणाली, "चला काका. तुमच्या आजच्या फेरीचे पैसे मी देते."

"पैशांचं काय, नुसता चहा मिळाला असता तरी चाललं असतं," गवंडी म्हणाला आणि पहार खांद्यावर टाकून निघाला.

मग दुपार झाली.

दोघं मागच्या दारात बसली होती, ती चौकटीला टेकून, तो पायरीवर. तो झोपला नाही. डोळे तारवटले होते, जांभयांवर जांभया येत होत्या, पण बसून राहिला. ऊन वाफ्यांवर उतरलं, आणि रोजच्यासारखी पानं हळूहळू खाली आली. आधी वांगी, मग दोडका, मग भेंडीसुद्धा.

बाई उठली. झारी नव्हती. ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली.

"बस," तो म्हणाला.

"मरतील."

"बस म्हणतो ना. खाली तळं आहे. ती उन्हाने वाकलीत, तहानेने नाही."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"तुला तरी कुठे कळत होतं? मलाही नव्हतं. तांब्या ठेव."

तिने तांब्या पायरीवर आपटला. या घरात भांडं आपटल्याचा आवाज दोघांनाही नवा होता. दोघंही क्षणभर कुणी जागं झालं का म्हणून आत बघत राहिली. मग तो उठला आणि पाला बाजूला सारू लागला, मातीला वारा लागावा म्हणून. एका बाजूचा पाला काढून त्याने दुसऱ्या बाजूच्या रोपांवर टाकला.

"अहो, मिरची दडपली! जरा बघून."

"मग तू काढ."

"काढते. सरका."

तिने सगळ्यात म्लान दिसणारं वांगं बुंध्याशी धरलं आणि हलकेच ओढलं. अडलं नाही. ढिल्या बटणासारखं ते हातात आलं. मुळं काळी, मऊ, बोटाला लागताच गळून पडणारी. वास आला. तिने ते रोप मांडीवर घेतलं आणि तिला रडू फुटलं; दुःखापेक्षा संतापाचं जास्त. इतकं पाणी! इतक्या झाऱ्या! कमरेची ती कळ, मनातले ते बोल, सगळं या एका काळ्या चिखलात जिरलेलं. आणि ज्याला ती बोल लावत होती तो पहाटे उठून हेच करत होता, तिच्यावर तसाच मनात चिडून.

"मी तुम्हाला काय काय म्हणत होते मनात, ठाऊक आहे?" ती म्हणाली.

"असेल काही. मीही म्हणत होतो."

"काय?"

"जाऊ दे."

"नाही, सांगा. आता सांगाच."

त्याने बोटांचा चिखल पाल्याला पुसला. "म्हणत होतो, हिला माझ्याशी बोलायचंच नाही. म्हणून दिवसभर वांग्यांशी बोलते."

तिने रोप बाजूला ठेवलं आणि दुसऱ्याला हात घातला. ते निघालं. तिसरंही निघालं. चौथं तिने चिमटीत धरलं, ओढलं, आणि ते घट्ट बसलेलं होतं. तिने पुन्हा ओढून बघितलं. घट्ट. ते तिने सोडून दिलं आणि कडेची माती उकरून तिथे वाऱ्याला वाट केली. तो टोमॅटोकडे गेला. तिथे तीन होते त्यातला एकही राहिला नाही. दोडक्याचं काय होईल ते कळत नव्हतं. दोघं त्यावर बराच वेळ वाद घालत होती, कापावा की ठेवावा, आणि काहीच ठरलं नाही.

संध्याकाळ झाली तशी त्याने नेहमीच्या वेळी चप्पल घातली, मग काढली. टपरीवर गेला नाही. भिंतीची सावली वाफ्यांवर आली. भेंडीची पानं, कुणी थेंब पाणी न घालता, आपोआप वर उचलली गेली. दोघांनी ते बघितलं. बाईला हायसं वाटायला हवं होतं. पण तिला आधी वाटलं ते एवढंच, की ही रोज आपली आपण उठत होती आणि मी समजत होते, माझ्या झारीने उठते.

"पहाटे मला जाग येईल," तो म्हणाला. "हात शिवशिवतील."

"मग मला उठवा."

"झोपमोड होईल तुझी."

"होऊ दे."

मग त्याने विचारलं, "आणि उद्या पाणी कुणी घालायचं?"

"उद्या कुणीच नाही."

"परवा?"

"परवाचं परवा विचारा," बटणबाई हाताचा चिखल पायरीच्या कडेला पुसत म्हणाली. "पण विचारा."